सोज्ज्वळ, सोशिक आणि अनामिक : पत्नी-मातेच्या स्मरणलेखनाविषयी

मराठीत स्मरणलेखनाची परंपरा समृद्ध आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. चरित्रे, आठवणी, गौरवग्रंथ, स्मृतिविशेषांक, प्रथम पुण्यस्मरणाच्या निमित्ताने निघणाऱ्या छोट्या पुस्तिका, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतले श्रद्धांजलीपर लेख असा हा मोठा पसारा आहे. या पसाऱ्यात एक उपप्रकार असा आहे की ज्याच्याकडे समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. घरातली स्त्री गेल्यानंतर तिच्या पतीने अथवा मुलांनी तिच्याविषयी केलेले लेखन, असे त्याचे ढोबळ वर्णन करता येईल. ती स्त्री सार्वजनिक जीवनात वावरलेली असेलच असे नाही. बहुधा नसतेच. तिची ओळख 'अमक्यांची पत्नी' आणि 'तमक्यांची आई' अशी दुहेरी असते, आणि लेखनही याच दोन खुंट्यांना टांगलेले असते.

हे लेखन वाचताना सर्वप्रथम जाणवते ते त्यातील विशेषणांचे साम्य. सोज्ज्वळ, सोशिक, प्रेमळ, सात्त्विक, त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू, अन्नपूर्णा. 'तिने कधी तक्रार केली नाही', 'तिने स्वतःसाठी काही मागितले नाही', 'आल्यागेल्याला ती कधी विन्मुख पाठवीत नसे'. कोकणातल्या स्त्रीविषयीचा मजकूर विदर्भातल्या स्त्रीविषयी छापला, तर नावगाव वगळता फारसे काही बदलावे लागणार नाही. ज्या व्यक्तीवर आपण आयुष्यभर प्रेम केले, जिच्यासारखी दुसरी नव्हती म्हणून आपण शोक करतो, तिच्याविषयी लिहायला बसल्यावर मात्र ती इतर असंख्य जणींसारखी दिसू लागते, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते. प्रेम खोटे नसते, शोकही खोटा नसतो, मग लेखन असे सामान्य का होते?

याचे सोपे उत्तर असे की लिहिणारा लेखक नसतो, त्याला भाषा वश नसते. हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. ज्यांनी आयुष्यभर साहित्य शिकवले, ज्यांच्या हातून उत्तम समीक्षा लिहून झाली, अशांच्या लेखणीतूनही पत्नीविषयी लिहिताना हीच विशेषणे उतरलेली आम्ही पाहिली आहेत. म्हणजे प्रश्न शब्दसंपत्तीचा नाही. तो पाहण्याचा आहे, आणि कोणी पाहिले याचाही आहे.

स्मरण हे नेहमी नात्याच्या जागेवरून होते. पतीला आठवते ती पत्नी आणि मुलांना आठवते ती आई. या दोघी एकच, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्यांच्यात बरेच अंतर असू शकते. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एका निवृत्त प्राध्यापकांनी पत्नीच्या वर्षश्राद्धानिमित्त एक पुस्तिका काढायचे ठरवले आणि कच्चा मजकूर आमच्याकडे वाचावयास दिला. त्यात एक वाक्य होते : संसाराच्या चाळीस वर्षांत तिने एकदाही तक्रार केली नाही. त्यांच्या मुलीने समासात पेन्सिलीने लिहिले होते, 'बाबा, ती रोज तक्रार करीत असे. तुम्ही कॉलेजात असायचात. ती माझ्याजवळ करीत असे.' पुढे तिने चार-पाच गोष्टी नोंदल्या होत्या. बदलीच्या गावी सुटलेली नोकरी, संगीताच्या परीक्षेचा अर्धवट राहिलेला अभ्यास, सासरच्या लग्नकार्यांत मोडलेले दागिने. त्या नोंदींत राग फारसा नव्हता. आई कशी बोलायची हे तिला आठवत होते, एवढेच. आम्हांला तो समास मूळ मजकुरापेक्षा अधिक वाचनीय वाटला आणि तसे आम्ही सांगितलेही. प्राध्यापक महाशय दोन दिवस गप्प राहिले. नंतर त्यांनी ते वाक्य काढले आणि मुलीच्या नोंदी तिच्या नावानिशी पुस्तिकेत घातल्या. पतीचे वाक्य खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्यापाशी तिने खरोखरच तक्रार केली नसेल. पण 'माझ्यापाशी केली नाही' आणि 'केली नाही' यांत जो फरक आहे, तो जपणे हे स्मरणलेखनाचे पहिले कर्तव्य आहे, असे आमचे मत आहे.

हा फरक आपल्या परंपरेला ठाऊक नव्हता असे नाही. 'रघुवंशा'चा आठवा सर्ग संस्कृतच्या विद्यार्थ्यांना अजविलापासाठी परिचित आहे. उद्यानात विहार करीत असताना नारदाच्या वीणेवरची दिव्य माळ वाऱ्याने उडून इंदुमतीच्या अंगावर पडते आणि ती गतप्राण होते. राजा अज शोक करतो. गृहिणी, मंत्री, एकांतातली सखी आणि ललितकलांतली शिष्या अशा चार नात्यांनी तो तिला आठवतो, आणि या स्थळाचा उल्लेख आपण पत्नीच्या आदर्शाचे उदाहरण म्हणून नेहमी करतो. आमचे लक्ष मात्र विलापातल्या दुसऱ्याच गोष्टींकडे जाते. बकुळफुलांची एक मेखला दोघे मिळून गुंफीत होते, ती अर्धीच राहिली आहे. आंबा आणि प्रियंगुलता यांचे लग्न लावायचे तिने मनात योजले होते, ते लावल्यावाचूनच ती निघून गेली आहे. कालिदासाला गुणांची यादी देता येत नव्हती असे नाही. तरीही शोकाच्या ऐन भरात तो तिच्या अपुऱ्या राहिलेल्या कामांपाशी थांबतो. माणूस गेले म्हणजे नेमके काय गेले, हे अर्धवट गुंफलेल्या फुलांवरून जितके कळते तितके गुणवर्णनावरून कळत नाही. आणि अजाला पुढे आठ वर्षे जगावे लागते ते दशरथ लहान आहे म्हणून. तिच्याशी साम्य असलेल्या वस्तू, तिची चित्रे आणि स्वप्नातल्या क्षणिक भेटी यांच्या आधाराने तो ती वर्षे काढतो. पत्नीचा शोक आणि आईवेगळ्या मुलाचा सांभाळ या दोन गोष्टी एकाच सर्गात कवीने वेगळ्या ठेवल्या आहेत, एकीत दुसरी मिसळू दिलेली नाही.

आधुनिक काळात पतीने केलेल्या स्मरणाचे सर्वांत संक्षिप्त आणि आमच्या मते अत्यंत प्रामाणिक उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या १९४० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाची अर्पणपत्रिका. रमाबाई २७ मे १९३५ रोजी मुंबईत दादरच्या 'राजगृहा'त निवर्तल्या होत्या. पाच अपत्यांपैकी चार डोळ्यांदेखत गेलेली होती, एकटा यशवंत उरला होता. भारताच्या फाळणीच्या प्रश्नाची राजकीय चिकित्सा करणारा हा ग्रंथ बाबासाहेबांनी तिच्या स्मृतीस अर्पण केला, आणि तोही 'रामू' या घरगुती नावाने. त्या मोजक्या ओळींत तिच्या गुणांचा उल्लेख आहेच. पण अर्पणपत्रिका तेथे थांबत नाही. मित्र नव्हते आणि विवंचनाच होत्या अशा दिवसांत तिने आपल्यासोबत सोसले, याचीही ती नोंद करते. येथे सोशिकपणा हा स्त्रीचा स्वभावधर्म म्हणून आलेला नाही. कोणत्या परिस्थितीत सोसले, कोणाबरोबर सोसले, हे सांगितलेले आहे. सोसणे हे विशेषण न राहता घटना झाले की लेखन किती बदलते, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी आम्हांस याहून चांगले उदाहरण सुचत नाही. सार्वजनिक वादाच्या ग्रंथावर घरगुती नाव घालण्यात जे धैर्य आहे, तेही विसरता येत नाही.

मुलाने केलेल्या स्मरणाचा विषय निघाला की 'श्यामची आई' टाळता येत नाही. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ साली, त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. तेव्हापासून 'श्यामची आई' हे पुस्तकाचे नाव न राहता एक विशेषण झाले. मराठी समीक्षेतील एक वर्ग या पुस्तकाला भाबडे, अश्रुविव्हल म्हणून बाजूला सारतो, तर दुसरा वर्ग संस्कारांची पोथी म्हणून डोक्यावर घेतो. आमचे मत दोघांपेक्षा थोडे निराळे आहे. हे पुस्तक विशेषणांवर उभे नाही. कोकणातले कर्जबाजारी होत गेलेले घर, वसुलीसाठी दाराशी आलेल्या माणसाचे अपमानकारक बोलणे, ते ऐकून बाहेर आलेल्या आईचा संताप, आजारपण, हे सारे प्रसंगांनी सांगितलेले आहे. त्या आईला राग येतो, ती मुलाला शिक्षा करते. अनुकरण करणाऱ्यांनी मात्र यातला राग आणि कर्ज वगळले आणि अश्रू तेवढे उचलले.

असे असूनही एक मर्यादा राहतेच, आणि ती साने गुरुजींची नसून नात्याची आहे. श्याम आश्रमातल्या मुलांना आई सांगतो ती तिने आपल्याला काय शिकवले या अंगाने. प्रत्येक आठवणीचे टोक श्यामच्या घडण्यापाशी येऊन मिळते. त्या बाईला स्वतःसाठी काय हवे होते, पतीविषयी तिला मनातून काय वाटत होते, पुस्तकाच्या बाहेर तिचे आयुष्य कोठे होते, हे श्यामला ठाऊक असण्याचा संभव कमी, आणि म्हणून ते पुस्तकात फारसे नाही. पुस्तकाचे नावच पाहा. त्यात मुलाचे नाव आहे, आईचे नाही.

नावाचा हा मुद्दा क्षुल्लक नाही. ज्या पिढ्यांविषयी आपण बोलत आहोत, त्यांतल्या बहुतेक स्त्रियांना लग्नानंतर नवे नाव मिळे. स्मृतिचित्रकार लक्ष्मीबाई टिळक या माहेरच्या मनकर्णिका गोखले. रमाबाई रानडे या माहेरच्या यमुना कुर्लेकर. धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ साली पुनर्विवाह झाला तेव्हा गोदूबाई जोशी या आनंदीबाई कर्वे झाल्या. ही केवळ महाराष्ट्राची रीत होती असेही नाही. रवींद्रनाथांची पत्नी भवतारिणी लग्नानंतर मृणालिनी झाली, आणि १९०२ साली ती गेल्यावर त्यांनी 'स्मरण' या संग्रहातल्या कविता लिहिल्या त्या मृणालिनीच्या स्मृतीत. भवतारिणीचे स्मरण कोणी करायचे? पतीच्या स्मरणाचा आरंभ लग्नापासून होतो आणि मुलांचा त्याहूनही उशिरा. म्हणजे जिला आपण 'समग्र' श्रद्धांजली वाहतो, तिच्या आयुष्याचा पहिला भाग श्रद्धांजली वाहणाऱ्यांपैकी कोणीच पाहिलेला नसतो. मनकर्णिका, यमुना, गोदू यांची आठवण असते ती माहेरच्या माणसांना, आणि त्यांना लिहायला सहसा कोणी सांगत नाही.

लिहिले नसले तरी गायले मात्र गेले आहे. जात्यावरच्या ओव्यांत लेक आईला आठवते तेव्हा तिच्या स्मरणाची जात निराळी असते. ती स्वतः सासरी नांदत असते, दळत असते. आईने सोसलेले तिला आता आपल्या हातांत, आपल्या खांद्यांत कळत असते. हेमा राइरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आई हा त्यांतला एक मोठा विषय आहे. मुलाने आई आठवणे आणि लेकीने आई आठवणे यांतला फरक अभ्यासण्यासाठी एवढे साहित्य उपलब्ध असताना आपल्या अभ्यासक्रमांत मात्र मुलांच्याच कविता फिरून फिरून येतात, ही खेदाची बाब आहे.

दुसरा मार्ग म्हणजे त्या स्त्रीनेच लिहिणे. रमाबाई रानडे यांचे पुस्तक १९१० साली आले, त्याचे नाव 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. बाया कर्वे यांचे आत्मकथन १९४४ साली आले, त्याचे नाव 'माझे पुराण'. 'आमच्या'पासून 'माझे'पर्यंतचा हा प्रवास चौतीस वर्षांचा आहे, आणि त्यांच्या मधोमध लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आहेत. ती १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली गेलेले होते. लौकिक अर्थाने हे पत्नीने पतीचे केलेले स्मरण. प्रत्यक्षात वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकापासून टिळकांच्या धर्मांतराने झालेल्या ताटातुटीपर्यंत सर्व काही लक्ष्मीबाई स्वतःच्या नजरेने पाहतात, हसतात, रागावतात. टिळकांवरचे त्यांचे प्रेम पानोपानी दिसते, आणि त्यांच्या लहरीपणाने घराची जी त्रेधा उडे तीही तितकीच दिसते. प्रेम आणि स्पष्टपणा एकत्र नांदू शकतात याचा याहून भक्कम पुरावा मराठीत नाही. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या, तेव्हा अपुरे राहिलेले लेखन त्यांचे चिरंजीव देवदत्त टिळक यांनी पुरे केले. तो शेवटचा भाग आणि आधीचे भाग शेजारी ठेवून वाचावेत. मुलगा आदराने, निष्ठेने लिहितो, त्याविषयी शंका नाही. पण आई स्वतःकडे पाहून जशी हसत होती, तसे मुलाला तिच्याकडे पाहून हसता येत नाही. नाते आडवे येते.

कर्व्यांच्याच घरातले दुसरे उदाहरण यासंदर्भात मनात येते. बाया कर्वे लिहू शकल्या म्हणून आपल्याला माहीत आहेत. धोंडो केशवांची पहिली पत्नी, रघुनाथरावांची आई राधाबाई १८९१ साली वारली. तिच्या हातचे लेखन आपल्यासमोर नाही. आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात दोन थोर पुरुषांच्या मध्ये ती उभी आहे, एकाची पत्नी आणि एकाची आई म्हणून, आणि तिच्याविषयी आपण जाणतो ते इतरांनी सांगितले तेवढेच.

घरच्या माणसांना ती बाई पूर्णपणे ठाऊक असते, या समजुतीलाही धक्का देणारे एक उदाहरण आहे. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. आपले लेखन आपण सुमारे वीस वर्षे घरातल्यांपासून लपवून ठेवले होते, असे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले आहे. दुकान सांभाळावे, मुले वाढवावीत आणि लिहिलेले कागद कोणाच्या दृष्टीस पडणार नाहीत असे दडवावेत. समजा, ते कागद प्रसिद्ध झाले नसते. तिच्या माघारी तिच्या माणसांनी अत्यंत प्रेमाने जे लिहिले असते, त्यात मराठीतली एक महत्त्वाची लेखिका सापडली असती का? शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा'ही त्याच वर्षी पुस्तकरूपाने आले. या दोन पुस्तकांनंतर 'आई' या शब्दाभोवतीचे मराठीतले मध्यमवर्गीय धुके बरेच विरले, असे आम्ही मानतो. भूक, मजुरी, मारहाण, जातीचा अपमान आणि त्यातून मिळवलेले शिक्षण हे मातृत्वाच्या वर्णनात आले, आणि ते मुलांच्या दयेतून नव्हे, आईच्याच तोंडून आले.

मग पती आणि मुले यांनी लिहूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. उलट, ज्यांनी नात्याची मर्यादा ओळखून स्मरण केले, त्यांच्यामुळेच मराठी साहित्य समृद्ध झाले आहे. दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले उदाहरण बहिणाबाई चौधरी यांचे. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव हे स्वतः नावारूपाला आलेले कवी. आईवर भावपूर्ण विलापिका लिहिणे त्यांना मुळीच अवघड नव्हते. त्यांनी जे केले त्याचे मोल कोणत्याही विलापिकेहून मोठे आहे. आई शेतात, घरात, जात्यावर जी गाणी म्हणे ती त्यांनी आणि त्यांच्या मावसभावाने टिपून ठेवलेली होती. ती वही सोपानदेवांनी अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. खानदेशातली तिची बोली प्रमाण मराठीत धुऊन न काढता जशीच्या तशी ठेवली गेली. येथे मुलाने आईविषयी बोलण्याऐवजी आईला बोलू दिले. तिच्या वात्सल्याचे वर्णन केले असते तर ती आणखी एक प्रेमळ माता झाली असती. तिचे शब्द जपले म्हणून आज ती मराठीची थोर कवयित्री आहे. आमच्या दृष्टीने हे मराठीतले सर्वश्रेष्ठ मातृस्मरण होय, आणि त्यात मुलाचे स्वतःचे शब्द जवळपास नाहीत.

दुसरे उदाहरण कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचे. कुसुमावती या कथाकार, समीक्षक, इंग्रजीच्या प्राध्यापक. 'पासंग' आणि 'मराठी कादंबरी : पहिले शतक' ही त्यांची पुस्तके आजही अभ्यासकांना टाळता येत नाहीत. १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले. १९७२ साली 'कुसुमानिल' हा दोघांचा विवाहपूर्व पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला. या पत्रांत कुसुमावती वाचतात, वाद घालतात, मतभेद नोंदवतात, हळव्या होतात, सावरतात. पतीच्या आठवणीतली ती कशी होती हे सांगण्यापेक्षा तिचीच पत्रे वाचकापुढे ठेवणे अधिक योग्य, ही दृष्टी त्यामागे आहे. शिवाय येथे लग्नाआधीची तरुण स्त्री भेटते, जी एरवीच्या पत्नीस्मरणात सहसा सापडत नाही.

या भूमिकेवर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. दुःखात असलेल्या माणसाकडून समीक्षकाची तटस्थता मागणे क्रौर्याचे नाही काय? गेलेल्या माणसाचे गुण आठवावेत, दोष मातीआड करावेत, ही आपली रीत सुसंस्कृतपणाची आहे. घरातल्या कुरबुरी चव्हाट्यावर मांडून साहित्याचे काय भले होणार? या आक्षेपातला पहिला भाग आम्हांस मान्य आहे. तेराव्या दिवशी लिहिलेल्या मजकुराला वाङ्मयीन कसोट्या लावू नयेत. रडण्याला शैली नसते. पण दुसऱ्या भागात एक गफलत आहे. आम्ही दोषांची यादी मागत नाही. विशेषण काढून तेथे प्रसंग ठेवा, एवढेच आमचे मागणे आहे. 'ती अन्नपूर्णा होती' याऐवजी ती पहाटे किती वाजता उठत असे, किती माणसांचा स्वयंपाक करीत असे, स्वतः केव्हा जेवत असे आणि कोणता पदार्थ करायला तिला मनापासून कंटाळा येई, हे लिहिले तर तिचा अपमान होत नाही. ज्या दिवशी तिला कंटाळा होता असे आपण लिहितो, त्या दिवशी तिच्या श्रमाला प्रथमच किंमत येते. कारण अन्नपूर्णा दमत नाही, माणूस दमतो.

यात केवळ वाङ्मयीन अभिरुचीचा प्रश्न असता तर आम्ही एवढा विस्तार केला नसता. प्रत्येक घरात या पुस्तिका पुढच्या पिढीच्या हाती पडतात. 'आजीने कधी तक्रार केली नाही' हे वाक्य नातसून वाचते, तेव्हा ती आठवण राहत नाही, ती अपेक्षा होते. स्मरणाच्या नावाखाली आपण जिवंत स्त्रियांसाठी नियम लिहीत असतो. गेलेल्या स्त्रीला सोशिक ठरवणारे लेखन हयात असलेल्या स्त्रीला गप्प बसवू शकते, म्हणून त्याची चिकित्सा करणे हे आम्ही साहित्याच्या अध्यापकांचे काम समजतो.

पदव्युत्तर वर्गात व्यक्तिचित्रणाचा घटक शिकवताना करता येण्याजोगी काही कामे येथे सुचवतो. विद्यार्थ्यांनी आपल्या आईविषयी अथवा आजीविषयी लिहावे, मात्र एकही गुणवाचक विशेषण वापरू नये. तिचे माहेरचे नाव, माहेरचे गाव, शाळा कितवीपर्यंत आणि का सुटली, हे विचारून लिहावे. तिच्या भावंडांशी किंवा मैत्रिणीशी बोलावे. वाणसामानाच्या याद्या, हिशेबाच्या वह्या, पत्रे, विणकामाचे नमुने, गाण्यांच्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी पाहाव्यात, कारण तिच्या हातचे अक्षर बहुधा तेवढ्यातच असते. तिची बोली प्रमाण मराठीत बदलू नये. आणि आई हयात असेल तर लिहिलेले तिला वाचून दाखवावे. हे शेवटचे काम सर्वांत अवघड आहे, असा आमचा अनुभव आहे. 'असं काही नव्हतं', असे ती म्हणते, आणि मग प्रत्यक्षात कसे होते ते सांगू लागते.

तेव्हा वही उघडी असावी.